जुने नाट्यगृह, नवे कलाकेंद्र

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली. शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास असलेल्या या वास्तूचे छत, रंगमंच आणि प्रेक्षागृहातील आसने काही तासांत भस्मसात झाली. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्ट रोजी, ज्यांचे नाव या नाट्यगृहास देण्यात आले त्या केशवराव भोसले यांची जयंती होती. त्या दिवशी जळालेल्या वास्तूसमोर जमलेल्या रंगकर्मींना आणि नागरिकांना अश्रू आवरणे कठीण झाले.

नाट्यगृह पूर्वीच्याच जागी व पूर्वीच्याच रूपात पुन्हा उभे राहावे, ही मागणी तत्काळ पुढे आली. राज्य शासनानेही पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. परंतु वास्तू उभी करण्याच्या प्रश्नाबरोबरच आणखी एक प्रश्न उभा राहतो. तो असा की, उद्या उभ्या राहणाऱ्या वास्तूत वर्षाचे ३६५ दिवस काय चालावे? केवळ नाटकाच्या प्रयोगासाठी दार उघडणारी इमारत हवी, की शहरातील सर्व कलांना आणि सर्व थरांतील माणसांना सामावून घेणारे कलाकेंद्र हवे? हा प्रश्न एकट्या कोल्हापूरचा नाही. गावोगावच्या जुन्या नाट्यगृहांपुढे तो आज ना उद्या येणार आहे.

राजर्षींची योजना

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेस गेले होते. त्या प्रवासात रोम येथील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागृह त्यांच्या पाहण्यात आले. परतल्यावर त्याच धर्तीवर त्यांनी कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती मैदान बांधविले. या मैदानाला लागूनच १९१३ साली नाट्यगृहाचे काम सुरू झाले व १९१५ साली ते पूर्ण झाले. त्याचे मूळ नाव पॅलेस थिएटर. प्रेक्षकांच्या दृष्टीआड येणारा एकही खांब प्रेक्षागृहात नसणे, हे त्या बांधणीचे वैशिष्ट्य मानले गेले.

एका भिंतीच्या अलीकडे नाटक आणि पलीकडे कुस्ती, अशी ही रचना होती. संगीत नाटकाचा रसिक आणि तांबड्या मातीचा शौकीन हे दोघे दोन वेगळ्या जगांतील आहेत, असे महाराजांनी मानले नाही. बहुउद्देशीय सांस्कृतिक संकुल हा शब्दप्रयोग रूढ होण्यापूर्वी कित्येक दशके ती कल्पना येथे दगडात उभी राहिली होती.

कोल्हापुरात जन्मलेले केशवराव भोसले यांनी १९०८ साली ललितकलादर्श नाटक मंडळीची स्थापना केली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत झालेल्या ‘मानापमान’च्या संयुक्त प्रयोगात बालगंधर्वांसमवेत ते रंगभूमीवर उभे राहिले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९५७ साली पॅलेस थिएटरला त्यांचे नाव देण्यात आले. पुढे हे नाट्यगृह कोल्हापूर महानगरपालिकेच्या व्यवस्थापनाखाली आले. व्यावसायिक नाटकांबरोबरच हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या येथे रंगत असत. अनेक नवोदित नटांच्या तोंडाला पहिला रंग लागला तो याच वास्तूत.

इमारत उभी असूनही नाट्यगृह बंद का पडते

नाट्यगृहाचे आयुष्य केवळ भिंतींच्या मजबुतीवर अवलंबून नसते. व्यावसायिक नाटकांच्या संस्थांना शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवसांच्या तारखा हव्या असतात. त्या दिवशी सकाळ, दुपार आणि रात्र अशा तिन्ही सत्रांसाठी चढाओढ असते. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत मात्र तेच प्रेक्षागृह पुष्कळदा रिकामे राहते. वीज, पहारा, स्वच्छता व दुरुस्ती यांचा खर्च मात्र रिकाम्या दिवशीही थांबत नाही. उत्पन्न कमी पडले की प्रथम दुरुस्ती पुढे ढकलली जाते. गळके छत, मोडक्या खुर्च्या व अस्वच्छ प्रसाधनगृहे पाहून प्रेक्षक पाठ फिरवितो आणि उत्पन्न आणखी घटते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की, नाट्यगृहास कुलूप लागण्यास फार वर्षे लागत नाहीत.

मुंबईच्या चर्नी रोड परिसरातील रॉयल ऑपेरा हाउसचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. बांधकाम पूर्ण होण्यापूर्वीच १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, केशवरावांच्या पश्चात ललितकलादर्शची धुरा वाहणारे बापूराव पेंढारकर आणि पृथ्वीराज कपूर यांच्या कलेने ही वास्तू गाजली. बोलपटांचा जमाना आल्यावर तिचे रूपांतर चित्रपटगृहात झाले आणि त्यासाठी रंगमंचालगतचे मूळ सज्जे काढून टाकण्यात आले. एका कलेसाठी दुसऱ्या कलेची जागा मोडण्याचा हा मार्गही तिला तारू शकला नाही. १९९३ साली ऑपेरा हाउस बंद पडले. दोन दशकांहून अधिक काळ ते बंदच होते. वास्तुसंवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली जुन्या छायाचित्रांच्या आधारे ते पुन्हा सजविण्यात आले, काढून टाकलेले सज्जे पुन्हा बांधण्यात आले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचे दार उघडले. तेथे नंतर नाटक, संगीत, नृत्य, चित्रपट आणि साहित्यिक कार्यक्रम होऊ लागले. पुढच्याच वर्षी या कामाची दखल युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा संवर्धन पुरस्कारांत घेतली गेली. कार्यक्रमांतील विविधता साधण्यासाठी वास्तूचा मूळ आकार मोडावा लागत नाही, हे या उदाहरणावरून दिसून येते.

आवाजाची मर्यादा

एकच प्रेक्षागृह सर्व कार्यक्रमांस सारखेच उपयुक्त करता येईल, ही समजूत मात्र योग्य नाही. त्यामागे ध्वनिशास्त्रीय कारण आहे.

नटाच्या मुखातून निघालेला शब्द प्रेक्षकाच्या कानी दोन वाटांनी पोहोचतो. एक वाट सरळ, तर दुसरी भिंतींवर व छतावर आदळून परतणारी. परतलेला आवाज मूळ आवाजानंतर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत आला, तर कानाला तो मूळ आवाजातच मिसळलेला वाटतो आणि शब्द ठसठशीत होतो. त्याहून फार उशिरा आला, तर शब्दावर शब्द चढून अर्थ हरवतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर अंतर कापतो, म्हणजे हा उंबरठा अवघ्या सतरा मीटरच्या जादा प्रवासाचा आहे. यामुळेच प्रेक्षागृहाची रुंदी, छताची उंची आणि मागील भिंतीचा पृष्ठभाग यांना अतोनात महत्त्व येते.

आवाज थांबल्यावर सभागृहात त्याचा निनाद किती काळ रेंगाळतो, ही दुसरी कसोटी होय. गद्य नाटकासाठी हा काळ सुमारे एक सेकंद असणे इष्ट मानले जाते, तर पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी सुमारे दोन सेकंद. एकास जे पोषक तेच दुसऱ्यास मारक ठरते. संगीत नाटकाची अपेक्षा या दोहोंच्या मधली असते. तेथे गद्य संवादही स्पष्ट ऐकू आला पाहिजे आणि तानेलाही थोडा घुमारा मिळाला पाहिजे. केशवरावांच्या काळात ध्वनिक्षेपक नव्हते. गायक नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याचे काम वास्तूनेच करावयाचे होते.

यास्तव जुन्या नाट्यगृहाचे नूतनीकरण करताना छताचा आकार बदलणे, भिंतींवर शोभेसाठी गुळगुळीत फरशी लावणे किंवा खाली नवे आढे घालणे हे निर्णय केवळ सौंदर्यदृष्टीने घेता येत नाहीत. वातानुकूलन यंत्राची घरघरदेखील ध्वनिक्षेपकाविना होणाऱ्या गायनास बाधक ठरते. उलट, भिंतींलगत सरकते जाड पडदे बसविल्यास गद्य नाटकाच्या वेळी ते पसरून निनाद कमी करता येतो आणि गाण्याच्या मैफलीत ते गुंडाळून तो वाढविता येतो. अल्प खर्चाचा हा उपाय जगातील अनेक सभागृहांत उपयोगात आहे.

मोठे दालन आणि लहान खोल्या

तथापि, कलाकेंद्राचा खरा प्राण मुख्य प्रेक्षागृहात नसतो. हौशी नाट्यसंस्थेचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. स्पर्धेतील एका प्रयोगासाठी संस्थेस रंगमंच मिळतो एक दिवस. त्या प्रयोगाची तालीम मात्र महिना-दीड महिना दररोज संध्याकाळी चालते. ही तालीम कोठे होते? कधी शाळेच्या वर्गात, कधी एखाद्या मंगल कार्यालयाच्या गच्चीवर, तर कधी कोणाच्या घरच्या ओसरीवर. नृत्यवर्ग, भजनी मंडळ, शाहिरी पथक, बालनाट्य शिबिर, चित्रकारांचा गट या सर्वांची अडचण हीच असते. हजार खुर्च्यांच्या दालनाची गरज त्यांना वर्षातून एकदा भासते, तर वीस-तीस माणसांच्या खोलीची गरज रोज भासते.

जुन्या नाट्यगृहाचे बहुउद्देशीय केंद्र करावयाचे म्हणजे मुख्य प्रेक्षागृहास त्याच्या मूळ स्वभावानुसार राहू द्यावे आणि विविधतेचा भार भोवतालच्या जागांवर सोपवावा, असा याचा अर्थ होतो. तिकीटघरासमोरचा दर्शनी कक्ष प्रयोगाच्या वेळेखेरीज दिवसभर चित्र व छायाचित्र प्रदर्शनास देता येतो. वरच्या मजल्यावरील वापरात नसलेल्या खोल्या तालीमघरे होऊ शकतात. मुख्य रंगमंचाच्या लांबी-रुंदीएवढी जागा जमिनीवर आखलेली एखादी खोली असल्यास तालीम थेट रंगमंचाच्या मापानेच होते आणि प्रयोगाच्या दिवशीचा गोंधळ टळतो. रंगभूषेच्या खोल्या सकाळी रिकाम्या असतात, तेथे रंगभूषा, वेशभूषा व प्रकाशयोजनेचे वर्ग चालविता येतात. जुन्या नाटकांच्या संहिता, छायाचित्रे, जाहिराती व ध्वनिमुद्रणे यांसाठी एक लहान ग्रंथालयही याच वास्तूत शोभून दिसेल.

प्रेक्षागृहाची उतरती जमीन हा आणखी एक विचारार्ह मुद्दा आहे. नाटक सर्वांना दिसण्यासाठी उतार आवश्यक असतो, परंतु लोकनृत्य, कार्यशाळा किंवा प्रदर्शन यांना सपाट जमीन लागते. नव्या इमारतींत खुर्च्यांच्या रांगा घडी होऊन भिंतीत सरकण्याची सोय केली जाते. जुन्या वास्तूत असा खटाटोप करण्यापेक्षा सपाट जमिनीचे एक स्वतंत्र लहान दालन काढणे श्रेयस्कर ठरते. कोल्हापुरात तर नाट्यगृहाच्या पाठीशीच खासबागेचे विस्तीर्ण मैदान आहे. हंगामात तेथे कुस्त्या होतील. उरलेल्या काळात शाहिरी, लोककला किंवा खुल्या आकाशाखालची नाटके तेथे रंगू शकतील काय, याचा विचार व्हावयास हरकत नाही.

सुरक्षितता : पहिली अट

नाट्यगृह आणि आग यांचे वैर जुने आहे. रंगमंचावर लाकूड, कापडी पडदे, रंग आणि उष्ण दिवे एकत्र नांदत असतात. शिकागो येथील इरोक्वाय थिएटर अग्निरोधक असल्याचा गाजावाजा झाला होता. तेथे ३० डिसेंबर १९०३ रोजी लागलेल्या आगीत सहाशेहून अधिक माणसे दगावली. आगरोधक पडदा मध्येच अडकला होता आणि बाहेर पडण्याची अनेक दारे बंद होती. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जणांचा बळी गेला. तेथेही धुरात कोंडलेल्या माणसांना बाहेरची वाट मिळाली नाही. आगीचे निमित्त प्रत्येक ठिकाणी निराळे असले, तरी प्राणहानीचे कारण बहुधा एकच असते. ते म्हणजे न उघडणारे दार.

वापर वाढला की धोकाही वाढतो. दिवसातून एक प्रयोग होणाऱ्या वास्तूत सकाळपासून रात्रीपर्यंत वर्ग, तालमी व प्रदर्शने चालू झाली, तर विजेच्या तारांवरील भार कित्येक पटींनी वाढतो. म्हणून रूपांतराच्या आराखड्यात पहिला खर्च रंगरंगोटीवर न होता नव्या वीजजोडणीवर झाला पाहिजे. कमी उष्णता देणारे एलईडी दिवे, रंगमंच व प्रेक्षागृह यांमधील आगरोधक पडदा, अग्निरोधक प्रक्रिया केलेले कापड, धुराची सूचना देणारी यंत्रणा, पाण्याचा स्वतंत्र साठा आणि बाहेरच्या दिशेने उघडणारी, कधीही कुलूप न लागणारी दारे यांखेरीज कोणत्याही केंद्रास परवानगी मिळता कामा नये. अपंग व वृद्ध प्रेक्षकांसाठीचा उतरता मार्गही याच यादीत मोडतो, कारण संकटसमयी तोच त्यांचा जीवनमार्ग ठरतो.

कोलकात्याचा अनुभव

जळालेले नाट्यगृह नगरपालिकेने पुन्हा उभे केल्याचे उदाहरण आपल्या देशात आहे. कोलकात्याच्या हातीबागान भागातील स्टार थिएटर १८८८ साली बांधले गेले. नटश्रेष्ठ व नाटककार गिरीशचंद्र घोष यांच्या कारकिर्दीशी त्याचे नाव जोडलेले आहे. १९९१ साली लागलेल्या आगीत ते उद्ध्वस्त झाले. त्यानंतर तब्बल बारा-तेरा वर्षांनी, २००४ साली, कोलकाता महानगरपालिकेच्या पुढाकाराने ते पुन्हा सुरू झाले. दर्शनी भागाचे जुने रूप जपण्यात आले आणि आतील रचना आधुनिक करण्यात आली. नव्या स्टारमध्ये नाटकाबरोबर चित्रपटही दाखविले जाऊ लागले.

या अनुभवातून दोन धडे मिळतात. पहिला वेळेचा. एक तपाहून अधिक काळ नाट्यगृह नसले, तर त्या परिसरातील नाटक पाहण्याची सवयच मोडते आणि नटांची एक पिढी रंगमंचावाचून वाढते. दुसरा धडा वाटणीचा. चित्रपटाचे खेळ दररोज होऊ शकतात व नियमित उत्पन्न देतात. साहजिकच तारखांच्या वाटपाचे नियम आधीच ठरविले नसतील, तर उत्पन्न देणारा कार्यक्रम कमी उत्पन्नाच्या कलेस हळूहळू बाहेर ढकलतो. बहुउद्देशीय या शब्दाचा आधार घेऊन नाट्यगृहाचे मंगल कार्यालय होण्यास वेळ लागत नाही.

वारसा वास्तूंच्या जतनासंबंधी १९६४ साली तयार झालेल्या व्हेनिस सनदेत या बाबतीत समतोल मार्ग सांगितला आहे. वास्तूचा समाजोपयोगी कामासाठी वापर होत राहिल्यास तिचे जतन सुलभ होते, असे ही सनद मानते. मात्र अशा वापरासाठी वास्तूची मांडणी वा अलंकरण बदलले जाऊ नये, अशी मर्यादाही ती घालून देते.

व्यवस्थापन आणि लोकसहभाग

सार्वजनिक नाट्यगृहांस बहुउद्देशीय रूप देण्याचा विचार शासकीय स्तरावर नवा नाही. १९६१ साली रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीनिमित्त देशभर रवींद्र नाट्यगृहे उभारण्याची योजना आखली गेली. त्यांच्या जन्मास दीडशे वर्षे झाली तेव्हा, २०११ साली, केंद्र शासनाने टागोर सांस्कृतिक संकुल योजनेद्वारे अशा जुन्या सभागृहांचे पुनरुज्जीवन करून त्यांना विविध कलांच्या संकुलांचे स्वरूप देण्याचे धोरण स्वीकारले. मात्र निधीतून इमारत उभी राहते. ती चालविण्याची घडी स्थानिक संस्थांनाच बसवावी लागते.

त्यासाठी काही गोष्टी आवश्यक आहेत. वर्षातील तारखांचा एक निश्चित हिस्सा हौशी व बालरंगभूमीसाठी राखून ठेवावा आणि तो सुट्टीच्या दिवसांतूनही असावा. भाड्याचे दर दोन प्रकारचे असावेत, म्हणजे व्यापारी मेळाव्यांस पूर्ण दर आणि तालमी व शैक्षणिक उपक्रमांस नाममात्र. व्यवस्थापक हा केवळ पावत्या फाडणारा कर्मचारी न राहता रंगमंचाचे तंत्र जाणणारा असावा. प्रकाश, ध्वनी व पडदे सांभाळणारे कायम तंत्रज्ञ नेमले जावेत. उत्पन्नातील ठरावीक भाग दुरुस्ती निधी म्हणून वेगळा ठेवला जावा व तो अन्य कामांकडे वळविता येऊ नये. रंगकर्मी, संगीतकार, चित्रकार, शिक्षक आणि परिसरातील रहिवासी यांची सल्लागार समिती असल्यास तारखांच्या वाटपाविषयीच्या तक्रारीही बऱ्याच अंशी मिटतील.

केंद्र कोणाचे आहे, हे त्याच्या दारातून दुपारी बारा वाजता कोण आत जाते यावरून कळते. रात्रीच्या प्रयोगास तिकीट काढून येणारा प्रेक्षक हवाच. पण शाळा सुटल्यावर तबला शिकावयास येणारा मुलगा, कारखान्यातील पाळी संपवून तालमीला येणारा कामगार आणि भजनाच्या सरावासाठी जमणाऱ्या गृहिणी यांची ये-जा ज्या वास्तूत असते, तिच्या गळक्या छताची तक्रार करावयास शेकडो मुखे असतात. कोणत्याही पहाऱ्यापेक्षा हे राखण अधिक भरवशाचे असते.

कोल्हापूरच्या दगडी भिंतींनी आगीतून स्वतःस वाचविले. त्या भिंतींच्या आत पुन्हा तिसरी घंटा होईल, पडदा वर जाईल आणि केशवरावांच्या गावची नवी पिढी रंगमंचावर उभी राहील, यात शंका नाही. ती पिढी घडण्यासाठी मात्र पडदा वर जाण्याआधीच्या तीस संध्याकाळी तिला कोठेतरी बसावयास जागा हवी. पुनर्बांधणीच्या आराखड्यात तेवढ्या चार खोल्या निघाल्या, तर मैदान व नाट्यगृह शेजारी शेजारी उभारणाऱ्या राजर्षींच्या दृष्टीला ते साजेसेच ठरेल.